बर्फात ठेवलेलं खमीर

नसीम मॅडम कोणतंही काम सलग करत नसत. चहासुद्धा अर्धा पिऊन कप बाजूला ठेवायच्या, खिडकीतून बाहेर बघायच्या, आणि मग उरलेला प्यायच्या. तोवर तो पार गार झालेला असायचा. मी एकदा भीत भीत विचारलं, "मॅडम, गरम करून आणू का?" तर म्हणाल्या, "राहू द्या शेवंताताई. गार झाल्याशिवाय मले चहाची चवच कळत नाही."

मी यवतमाळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं काम करते. म्हणजे झाडणं, पुसणं, काचेची भांडी धुणं. माझं गाव मारेगावकडचं आणि शाळा चौथीपर्यंतच झाली. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. कॉलेजात लागले तेव्हा मी भिंतीच्या कडेकडेने चालायचे, समोरून कोणी सर आले की बादली घेऊन मागे वळायचे. लोक म्हणायचे, "बोला न बाई, लाजता कायले?" तसं म्हटलं की मी आणखीच गप्प व्हायचे. मॅडमनी मला कधी बोला म्हटलं नाही. त्या आपल्याच बोलत राहायच्या आणि मध्येच थांबायच्या. त्यांचं ते थांबणं असं असायचं, की समोरच्याला वाटावं आता आपली पाळी आहे. अशी मी बोलायला लागले.

रागवायच्या तेही थांबूनच. एकदा एका मुलाने मायक्रोस्कोप खाली दाबता दाबता काच फोडली. मॅडम भडकल्या. "लक्ष कुठे असतं तुझं? ही काच काय झाडाला लागते?" एवढं बोलून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "जा, पाणी पिऊन ये. अर्धं रागवायचं राहिलं आहे." मुलगा गेला, पाणी पिऊन परत आला, मान खाली घालून उभा राहिला. मॅडमनी चेहरा कडक करून पाहिला, पण राग काही परत येईना. शेवटी त्यांनीच विचारलं, "कुठपर्यंत आलो होतो आपण?"

"झाडाला लागते का, इथपर्यंत, मॅडम."

सगळा वर्ग हसला. मॅडमही ओढणी तोंडाला लावून हसल्या. त्या मुलाने पुन्हा काच फोडली नाही.

ही सवय त्यांना त्यांच्या कामातून लागली की सवय आधीची आणि काम नंतरचं, ते मला माहीत नाही. त्यांचं काम होतं यीस्ट फोडण्याचं. बेकरीत पाव फुगवायला टाकतात तेच यीस्ट. मॅडमच्या घरी त्याला खमीर म्हणत, म्हणून मीही खमीरच म्हणते. त्याचा एकेक कण म्हणजे एक जिवंत पेशी, आणि तिच्या पोटात कामाची वस्तू असते. औषधाला, अन्नाला, कशाकशाला ती लागते. पण पेशीची साल फार चिवट. ती फोडल्याशिवाय आतलं बाहेर येत नाही.

फोडायचं मशीन कॉलेजने मागवलं होतं, पण ते काही आलं नाही. मग ते मॅडमच्या अब्बांनी बनवलं. आर्णी रोडवर त्यांचं गॅरेज होतं. उंच, सडपातळ म्हातारा माणूस, नखांत ग्रीस, आणि बोलणं मोजकं. त्यांनी स्टीलचा एक डबा घेतला, त्यात चकत्या लावलेला दांडा बसवला आणि वर मोटर लावली. त्या डब्याभोवती दुसरा मोठा डबा, मधल्या जागेत बर्फ भरायला. आत खमिराचं पाणी आणि काचेचे मणी टाकायचे, राजगिऱ्यापेक्षाही बारीक. दांडा फिरला की मणी एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्यामध्ये सापडलेली पेशी फुटते. ते मणी धुऊन वाळवणं हे माझं काम. थोडे जरी जमिनीवर सांडले तरी पाय घसरायचा. ऑफिसातले एक साहेब एकदा असे घसरले की हातातल्या फायलींसकट थेट टेबलाखाली गेले. मॅडमनी त्यांना उठवलं आणि मला हळूच म्हणाल्या, "शेवंताताई, एक मणी कमी आहे. साहेबांच्या बुटात पाहा."

मशीन पहिल्यांदा चालवलं त्या दिवशी अब्बा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांनी बटन दाबलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "अब्बा, आता बंद करा."

"काहून? मस्त चालून राह्यलं."

"थोडं थांबवा न."

"बेटा, मशीन काय थांबवाले बनवतात?"

त्यांनी ते चालूच ठेवलं. थोड्या वेळात खोलीत भाजलेल्या पावाचा वास सुटला. अब्बा खूश झाले. "फुटलं! वास आला!" मॅडमनी झाकण काढलं, बोट लावून पाहिलं आणि खुर्चीत बसल्या. पेशी फुटल्या होत्या, पण आपटण्याच्या गरमीने आतली वस्तू जळून गेली होती. "फोडणं सोपं आहे, अब्बा," त्या म्हणाल्या. "आतलं वाचवून फोडायचं आहे. थोडं चालवायचं, थांबायचं, बर्फात थंड होऊ द्यायचं, मग पुन्हा चालवायचं."

अब्बा तसेच निघून गेले. आम्हाला वाटलं रुसले. पण पुढच्या आठवड्यात आले ते एक लोखंडी दांडी घेऊन. बटन काढून त्यांनी ती दांडी बसवली. हाताने खाली दाबून धरली तोवर मशीन चालणार, हात सोडला की बंद. "घे," म्हणाले. "आता विसरलं तरी जळत नाही." मॅडमनी दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. लहान पोरीसारख्या कितीतरी वेळ नुसतं दाबत आणि सोडत बसल्या.

एक दिवस मला बोलावून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. मी चुकीचाच डोळा मिटला. मग दोन्ही मिटले. मॅडमनी आपल्या हाताने माझा एक डोळा झाकला. मग दिसलं. गोल गोल मोत्यांसारख्या पेशी, काहींना बाजूने छोटंसं पिल्लू फुटलेलं. मग त्यांनी दुसरी काच ठेवली, मशीन चालवल्यानंतरची. त्यात मोती थोडे आणि फिकट टरफलंच जास्त.

"तुम्ही तूर बडवली आहे न?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. दरवर्षी."

"सुरुवातीले काठी मारली की किती दाणे निघतात?"

"भसाभसा निघतात."

"आणि शेवटी शेवटी?"

"काठी तेवढीच लागते, पण भरल्या शेंगाच उरत नाहीत. नुसत्या फोलांवर बसते."

"बस. तेच आहे हे." त्यांनी कागदावर एक रेघ काढली, आधी उभी पडणारी आणि मग वाकत वाकत आडवी होणारी. दर खेपेला, जेवढ्या पेशी उरल्या असतील त्यांच्यातला तेवढाच वाटा फुटतो, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या खेपेला अर्ध्या फुटल्या तर दुसऱ्या खेपेला उरलेल्यांतल्या अर्ध्या. त्यांच्याकडे एक गणित होतं, ते केलं की ती वाकडी रेघ सरळ व्हायची. ती रेघ किती तिरपी आहे त्यावरून फोडण्याची चाल कळायची. मग कोणी मोठं मशीन लावलं तरी किती वेळ चालवायचं, किती बर्फ लागेल, ते आधीच सांगता येणार होतं. त्यांना अशा तीन रेघा हव्या होत्या. एक मशीन हळू फिरवून, एक मध्यम, एक जोरात.

मी विचारलं, "मग शेवटी सगळ्या फुटतात का?"

मॅडम हसल्या. "गणितात तर कधीच नाही. काही न काही उरतेच."

पहिली रेघ झाली, दुसरी झाली. तिसरीच्या वेळेस मोटर फार तापायची म्हणून ती रेंगाळली. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "शेवंताताई, मले काखेजवळ गाठ निघाली आहे." मी काही बोलणार तोच म्हणाल्या, "जा, बर्फ घेऊन या." मी फ्रीजमधून बर्फ आणला, डब्यात भरला. मग त्या म्हणाल्या, "गाठ चांगली नाही आहे. आता हे मणी धुऊन घ्या." मी मणी धुतले, ताटात पसरले. लक्ष नव्हतं म्हणून एकेक मणी उडून जात होता. त्यांनी सगळे गोळा होऊ दिले आणि मग सांगितलं, "नागपूरले जाईन. कापून टाकतील."

मी नळाकडे तोंड करून रडले. त्या जवळ आल्या नाहीत. माझं रडणं होईस्तोवर थांबल्या आणि मग म्हणाल्या, "अब्बांना यातलं काही माहीत नाही."

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या अम्मीचं सांगितलं. अम्मी दवाखान्यात वारल्या तेव्हा अब्बा गॅरेजमध्ये गाडीखाली झोपून काम करत होते. कोणीतरी फोन तसाच त्यांच्या कानाला लावला. पलीकडच्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. अब्बा गाडीखालून बाहेरच आले नाहीत. लोकांनी पाय धरून ओढलं तरी आले नाहीत. अंधार पडल्यावर आपणच निघाले, आणि त्यानंतर कितीतरी दिवस घरात एक शब्द बोलले नाहीत. "त्यांना पुन्हा तसं सांगायचं नाही मले," मॅडम म्हणाल्या. "आधी गाठ आहे, एवढंच. मग साधी नाही. मग काढून टाकली. मधे मधे त्यांना सावरू द्यायचं."

तसंच त्यांनी केलं. नागपूरहून परत आल्या, केस गेले, पुन्हा उगवले. आम्हाला सगळ्यांना वाटलं की झालं. वर्ष निघालं. मग पाठ दुखायला लागली. हाडात गेलं आहे, हेही त्यांनी मला दोन तुकड्यांत सांगितलं, मध्ये एका वर्गाचा तास घेऊन. अब्बांना मात्र त्यांनी काढून टाकली, इथपर्यंतच आणलं होतं. पुढचं सांगायचं राहिलं होतं. आणि तिसरी रेघ राहिली होती. या दोन गोष्टी झाल्या की मले काही नाही पाहिजे, असं त्या म्हणायच्या.

ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजायचा. जड उचलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. मशीनचं झाकण चांगलंच जड होतं. एक दिवस अब्बा मोटरला ग्रीस लावायला आले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "अब्बा, हे झाकण हलकं करून द्या न."

"काहून? आजपर्यंत तर उचलत होतीस."

"माझं नाही, या पोरींना उचलत नाही."

अब्बांनी अ‍ॅल्युमिनियमचं झाकण आणून दिलं. काही दिवसांनी मॅडम म्हणाल्या, "मशीन थोडं खाली घ्या. उभं राहून हात पोचत नाही. पोरी बुटक्या आहेत." त्या वेळी प्रयोगशाळेत ज्या मुली होत्या त्यातली एक तर दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतकी उंच होती. अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. मग मशीनखालच्या लोखंडी घोडीचे पाय मोजले, घेऊन गेले आणि कापून आणले. आता खुर्चीत बसून काम होऊ लागलं.

राहिली ती दांडी. जोराच्या वेगाला ती घट्ट दाबून धरावी लागे. एकदा अब्बा दारात उभे होते आणि मॅडमना ते माहीत नव्हतं. मॅडमनी एका हाताने दांडी दाबली, हात कापायला लागला, दुसरा लावला, तोही कापायला लागला, मग छातीचा भार टाकून दाबली. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांनी मला ओठावर बोट ठेवून खुणावलं आणि आल्या पावली परत गेले.

चार-सहा दिवसांनी आले तेव्हा त्यांच्या हातात पायाने दाबायचा पेडल होता. शिवणयंत्राला असतो तसा, पण चांगला जाड. मॅडम त्या दिवशी ठरवूनच आल्या होत्या. सकाळीच मला म्हणाल्या होत्या, "आज अब्बांना पुढचं सांगते." अब्बा खाली बसून पेडल जोडायला लागले.

"हे कायले, अब्बा?"

"हाताले आराम. पाय तर बरे आहेत न तुझे?"

मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, "अब्बा, मले तुम्हाला एक सांगायचं आहे."

"मालूम आहे."

"काय मालूम आहे?"

"सगळं."

"कधीपासून?"

"झाकणापासून," अब्बा म्हणाले. ते खालीच बघत होते, नट आवळत होते.

मी नळ सोडला, म्हणजे त्यांना वाटावं मला ऐकू येत नाही. तरी ऐकू येत होतं.

"मग बोलले काहून नाही?"

"तू थांबत थांबत सांगून राह्यली होतीस. मी बी थांबत थांबत ऐकून राह्यलो होतो. एकदम ऐकलं असतं तर, बेटा..." एवढं बोलून त्यांनी पाना खाली ठेवला. मग उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "चालव. आवाज ऐकू दे."

मॅडमनी पेडलवर पाय ठेवला. मशीन चाललं. पाय उचलला, थांबलं. अब्बांनी वितळलेलं पाणी काढून नवा बर्फ भरला. त्या दिवसापासून ते रोज दुपारी गॅरेज बंद करून यायचे. मॅडमचा पाय आणि अब्बांचा बर्फ. दोघं फार बोलायचे नाहीत. मशीन थांबलं की मधल्या वेळात अब्बा खिशातून एखादा लिमलेटचा खडा काढायचे, दाताने तोडून अर्धा त्यांना द्यायचे. मॅडम म्हणायच्या, "अब्बा, उष्टं." ते म्हणायचे, "खमीर नाही उष्टं करून राह्यलो." आणि दोघं हसायचे. माझ्या आयुष्यात मी एवढं जड हसणं ऐकलं नाही.

मॅडमची एक चूक झाली. त्या हुशार होत्या म्हणूनच झाली असेल. त्यांना आपल्या रेघेची सवय होती. एकदा म्हणाल्या, "पहिल्यांदा जोरात जाते, मग हळू होते. माझं जोरात जायचं ते जाऊन झालं, शेवंताताई. आता हळू होईल. दिवाळीपर्यंत आरामात करू." खमिराची चाल त्यांना बरोबर कळली होती. आजाराची चाल उलटी निघाली. हळूहळू चाललं होतं आणि मग एकदम सुटलं.

त्या शेवटच्या दुपारी तिसऱ्या रेघेचे सगळे नमुने काढून झाले होते. एकच मोजायचा राहिला होता. अब्बा मोटर पुसत होते. मॅडमचा चेहरा कागदासारखा झाला होता. मी म्हटलं, "मॅडम, एकच तर आहे. मोजून घ्या न." मी असं कोणाला सांगणारी नव्हे, पण त्या दिवशी तोंडातून निघालं. त्यांनी ती काचेची नळी बर्फात खोचली आणि म्हणाल्या, "उरलेलं उद्या."

दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या. पुढचे काही दिवस मी सकाळ-संध्याकाळ तिकडे जायचे आणि बाहेरच्या बाकावर बसायचे. आत जायची मला हिंमत होत नसे. एका दुपारी डॉक्टर बाहेर आले. तरुण मुलगा होता, त्याचाही चेहरा उतरलेला. तो अब्बांसमोर येऊन उभा राहिला आणि तोंड उघडणार इतक्यात अब्बांनी हात वर केला. "थांबा जरा," म्हणाले. ते कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. पेला भरला, बसून प्यायले, पेला धुऊन पालथा ठेवला. परत आले, सदरा सारखा केला, डॉक्टरसमोर सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "आता सांगा."

कॉलेजात ती नळी तशीच होती. मी रोज बर्फ बदलत होते. मला कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम उद्या म्हणाल्या होत्या, तर उद्यापर्यंत बर्फ असायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या गेल्यानंतरही माझे हात बर्फ भरत राहिले. मग विभागातल्या दुसऱ्या सरांनी तो नमुना मोजला आणि कागदावर ठिपका दिला. ठिपका रेघेवर पडला, अगदी जरासा खाली. सर म्हणाले, "चालेल. रेघ सरळच आहे." आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

मशीनचं काय करायचं म्हणून त्यांनी अब्बांना बोलावलं. घरी न्यायचं असेल तर न्या, नाहीतर त्याचे पाय तरी पुन्हा उंच करून द्या, असं म्हणाले. अब्बांनी मशीनवर हात फिरवला, पेडलमध्ये अडकलेला धाग्याचा तुकडा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "असंच राहू द्या. पोरी बुटक्या आहेत."

मी हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. मॅडमनी मला नळ्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला लावल्या होत्या, तेव्हापासून पेन हातात धरायची सवय राहिली. त्यांचा चेहरा आठवायला गेले की मला दवाखान्यातला आठवत नाही, कारण मी आत गेलेच नाही. मला ती शेवटची दुपार आठवते. नळी बर्फात खोचून त्या निघाल्या. अब्बा रिक्षा थांबवायला पुढे गेले होते. मी वर जिन्याच्या कठड्याशी बादली घेऊन उभी होते. मॅडम अर्धा जिना उतरल्या आणि वळणावर थांबल्या. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हाताने ओढणी सावरलेली. त्यांनी वर पाहिलं.

मी म्हटलं, "येऊ का मॅडम, धरायले?"

"नको," त्या म्हणाल्या. "जरा थांबते. मग जाते."

खालून रिक्षाचा आवाज येत होता. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि श्वास खाली बसण्याची वाट बघत होत्या.